फळीची खालची बाजू

परवा माल वाहणाऱ्या होड्यांपैकी मोसमातला शेवटचा पडाव रेवदंड्याला लागला. त्यातून माझ्या नावाचं एक कपाट उतरलं आणि बैलगाडीत बसून नागावला माझ्या दारात आलं, तेव्हा गाडीमागून तीन मांजरं चालत होती.

"मास्तर, आत सुकट भरलीय काय?" गाडीवानाने विचारलं.

"रिकामं आहे."

त्याचा विश्वास बसला नाही. मांजरांचा तर मुळीच बसला नाही. त्यांनी कपाटाभोवती ठाण मांडलं.

दोष मांजरांचा नाही. ते कपाट मी दुरुस्त केलेलं आहे. माझ्या हातून आजवर बऱ्याच वस्तू दुरुस्त झाल्या. एक छत्री, जी तेव्हापासून उघडते पण मिटत नाही. शाळेची एक घंटा, जी आधी ठण् वाजायची ती नंतर थप् वाजू लागली. आणि हे कपाट. आगरदांड्याला मास्तर होतो, तिथल्या माझ्या पहिल्याच आगोटीत मी ते हाती घेतलं. दहा-अकरा वर्षं झाली. वास अजून आहे.

आगोट म्हणजे काय, हे घाटावरच्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. पावसाळ्याआधीचे बेगमीचे दिवस, असं सांगितलं की ते मान डोलावतात. पण तेवढ्याने काही सांगून होत नाही. माझं गाव आतल्या अंगाचं, भातशेतीचं. तिथली आगोट म्हणजे राब भाजल्याचा धूर, छपरावर चढवायचं गवत, माळ्यावर रचायची लाकडं, मीठ-मिरची, आणि या सगळ्यात मी कुठे दडून बसलोय याचा शोध घेणारा वडिलांचा आवाज. ती कामाची आगोट. बंदरावर राहायला गेलो तेव्हा कळलं, तिथे तिचं रूप वेगळं असतं. वैशाखाच्या सुमाराला लांब गेलेले मचवे एकेक करून खाडीत शिरतात. त्यांना माणसं ओरडत, कण्हत वाळूवर ओढून घेतात. वर माडाच्या झापांची छपरं चढतात. माशाच्या तेलाचा उग्र दर्प सगळ्या गावावर बसतो. आणि दिवस कलला की धक्क्यावर माणसं नुसती उभी राहतात. कोण आलं, कोण राहिलं. मोजतात सगळे, पण मोठ्याने मोजत नाही कुणी.

मी जैनबखालाच्या पडवीत भाड्याने राहत होतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दाऊद मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. घरात ती एकटी. मी तिच्या हातचं जेवतो हे माझ्या गावी कळलं असतं तर मोठी चर्चा झाली असती, म्हणून मी ते गावी कळवलं नाही. पापलेटाच्या कालवणापुढे माझी सत्यनिष्ठा नेहमीच थोडी मवाळ होते.

दाऊदला मी एकदाच पाहिलं. पौषात दोन दिवस मचवा धक्क्याला होता तेव्हा. दिघीला जाणाऱ्या तरीत मला बसवून तो स्वतः सोबत आला होता. होडी हलायला लागली तसे मी डोळे मिटून दोन्ही हातांनी काठ धरला.

"मास्तर, पोरांना काय सांगता, पाढे म्हनला की भ्या जातो?"

"हो."

"मग म्हना."

मी म्हणू लागलो. नवाच्या पाढ्यापर्यंत पोचलो तेव्हा दिघी आली. तरीतली सगळी माणसं तोवर माझ्याबरोबर म्हणत होती आणि हा सुकाण्याजवळ बसून पोट धरून हसत होता. पुढे कित्येक दिवस बंदरावर मला बघून लोक "नवे नवे एक्याऐंशी" म्हणत.

दाऊद दर मोसमाला आईसाठी एक चिनी बशी आणायचा. निळ्या वेलीची, सोनेरी काठाची, एकीवर लाल मासा, एकीवर पूल आणि पुलावर छत्री घेतलेली बाई. अशा नऊ बश्या होत्या. त्या मांडायला काचेच्या दारांचं कपाट होतं, तिच्या सासऱ्याच्या वेळचं. चौकट सागवानी आणि शाबूत. आतल्या फळ्या मात्र वाळवीने अशा खाल्लेल्या की बोट लावलं तर पीठ पडायचं. बश्या गोधडीत गुंडाळून पेटीत पडल्या होत्या.

"दाऊद येल तवा मांडलेल्या दिसल्या पायजेत," ती एकदा म्हणाली. "न्हायतर म्हनल, मी आनतो नि तू पुरून ठेवतेस."

एवढं मला पुरेसं होतं. मी म्हणालो, "खाला, कपाट मी करतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेची घंटा तिने ऐकलेली होती.

"सुतार हाय की गावात," ती सावकाश म्हणाली.

"सुतार आता मचव्यांच्या कामात. मी आहे ना."

होतोच मी. शाळेला सुट्टी, हात मोकळे, आणि अडवायला घरचं कुणी जवळ नाही. धर्मामिस्त्रीकडून रंधा, करवत, पटाशी मागून आणली. धर्मामिस्त्री म्हणजे त्या बंदरावरचा सगळ्यात जुना मचवे बांधणारा. कमरेत वाकलेला, लाकडाकडे बघताना मात्र सरळ होणारा. घासायला त्याने मुशी माशाची वाळलेली, खरखरीत कातडी दिली. तेल कुठलं घ्यायचं तेही दाखवलं: "डावीकडचा डबा जवसाचा, त्यात राळ घातलीय. उजवीकडचा मचव्याचा." त्याचं तोंड समुद्राकडे होतं, माझं त्याच्याकडे. डावा हात ज्याचा त्याचा वेगळा असतो, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. दोन बायांनी नाक दाबून पडवीत डोकावेपर्यंत सुचलं नाही.

राहिलं लाकूड. नवा साग परवडणारा नव्हता, आणि मला तर जुनंच हवं होतं. मुरलेलं, पाणी प्यायलेलं, आता काही झालं तरी वाकणार नाही असं. एका शुक्रवारी सकाळी धक्क्याकडे गेलो तर मोठ्या उंडीच्या झाडाला टेकवून कुणीतरी तीन फळ्या उभ्या केलेल्या. ओल्या, एका अंगाला डांबर आणि मीठ बसून काळ्या. आदल्या आठवड्यात समुद्रात वादळ होऊन गेलं होतं, तेव्हा अशी लाकडं किनाऱ्याला लागणारच. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. माणसं मशिदीत जायच्या आधी घाईने एक मचवा ओढायला पलीकडच्या वाळूवर गेली होती. त्यांचा हैय्या ऐकू येत होता. मी फळ्या खांद्यावर टाकल्या. देव देतो तेव्हा असा झाडाला टेकवून देतो, असा काहीतरी विचारही केला.

त्यातली एक फळी जाड होती. तिच्या कडेवर कुणीतरी पटाशीने खाचा पाडल्या होत्या, आडव्या, जवळजवळ, कडेवरून काळ्या अंगावर बोटभर उतरलेल्या. कुणा रिकामटेकड्याचा चाळा, असं मी ठरवलं. रिकामटेकडेपणाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो.

दुपारपर्यंत कडेवरून रंधा फिरवला. खाचांच्या जागी लाकूड मधासारखं निघालं. ढलप्या कुरळ्या होऊन पायाशी पडत होत्या आणि मी स्वतःवर इतका खूश होतो की अधूनमधून मागे सरून बघत होतो. वरचं अंग मुशीच्या कातड्याने घासलं. काळं अंग तसंच ठेवून खाली घातलं. फळीची खालची बाजू कोण बघतो? दोन फळ्या नीट बसल्या. तिसरी एक बोट आखूड कापली गेली, तिथे पाटीच्या लाकडी चौकटीचा तुकडा ठोकून भर दिली. मग तेल. मग वास. मग मांजरं.

खाला घरात आली, उंबऱ्यातच थांबली. मी म्हणालो, "खाला, डबा चुकला."

ती आत आली, कपाटाजवळ उभी राहिली. तिने श्वास ओढून घेतला. "असू दे," ती म्हणाली. "दाऊद मचव्यावरनं घरात आला की असाच वास येतो."

ढलप्या तिने न्हाणीच्या चुलीत घातल्या. मी त्या पाण्याने अंघोळ केली. छान तापलं होतं पाणी.

दिवस मावळायच्या आधी धर्मामिस्त्री आला. काठी भिंतीला लावून पायरीवर बसला. वासाबद्दल काही बोलला नाही, तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं.

"मास्तर, उंडीखाली फळ्या हुत्या तीन. कोनी म्हनला तुमी उचलल्या."

"हो, टाकलेल्या होत्या."

"टाकलेल्या न्हाय. उभ्या केलेल्या."

मग त्याने सांगितलं. शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं. वाहून आलेलं लाकूड आडवं असेल तर कुणीही न्यावं. उभं केलेलं असेल तर हात लावायचा नाही. ते कुणाचं तरी आहे. आणि तांडेल सुकाण्यापाशी बसतो ती बैठकीची फळी असेल तर तिच्यावर खाचा असतात. दर आगोटीला मचवा सुखरूप वाळूवर आला की तांडेल स्वतःच्या हाताने एक खाच पाडतो. जितके मोसम, तितक्या खाचा; त्यांवरूनच बुडालेला मचवा कुणाचा ते कळतं. फळी लागली की मिस्त्रीला बोलावतात, चारचौघांसमोर तोच मोजतो. दुसरा कुणी मोजत नाही, आकडा बोलत नाही. चुकीचा आकडा चुकीच्या घरात जायला नको म्हणून.

"कोळ्याने पहाटे आनून उभी केली नि मला निरोप धाडला. नमाज सुटल्यावर मी गेलो, तर झाड मोकळं. खाचा हुत्या?"

"होत्या."

"किती?"

मी कपाटाकडे बघितलं. तोही उठला, वाकत आत गेला, फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग बोटं फळीच्या खाली घातली. थोडा वेळ तसाच उभा राहिला. हात काढून धोतराला पुसला. मला वाटलं, तेल लागलं म्हणून पुसतोय.

तेवढ्यात खाला परसदारातून आली. तिच्या हातात खोबऱ्याची वाटी होती. तिने आमचं किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने मिस्त्रीला विचारलं नाही, मला विचारलं.

"किती होत्या, मास्तर?"

मी शाळामास्तर. दिवसभर पोरांच्या डोक्यात आकडे घालणारा. कपभर चहात साखरेचे दाणे किती, असल्या पैजा मारणारा. त्या खाचा मी पाहिल्या होत्या, त्यांच्यावरून हात फिरवला होता, आणि मोजल्या नव्हत्या. सहा असतील. दहाही असतील. तिच्या पेटीत नऊ बश्या आहेत एवढं मात्र मला पक्कं ठाऊक होतं. नऊपासून जितकं लांब जाता येईल तितकं जावं, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात होता.

"पाच," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पाचच. मी मोजल्या."

ती खाली बसली. वाटी हळूच जमिनीवर ठेवली. आणि मला वाटलं होतं ती सुटल्यासारखा श्वास टाकील, तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पाच मोसमांचा," ती म्हणाली. "म्हंजी पोरच की. कोनाचा असल बिचारा." तिने दोन्ही हात उचलले आणि त्या नसलेल्या मुलासाठी अल्लाकडे दुवा मागितली. मी आणि मिस्त्री मान खाली घालून उभे.

बाहेर आल्यावर मिस्त्री काठी टेकत थोडा पुढे गेला आणि वळला. "आपल्या बंदरात पाच मोसमांचा एक रहिमानच. तो कालच घरी आलाय," तो म्हणाला. "बरा आकडा गावला तुमाला."

दुसऱ्या दिवशी खालाने बश्या मांडल्या. आधी ओलं फडकं घेऊन फळ्या पुसल्या, वरून, मग खालून. जाड फळीखाली तिचा हात थांबला.

"खालची बाजू तशीच ठेवलात, मास्तर."

"तिथे कोण बघतंय, खाला?"

"व्हय," ती म्हणाली. "कोन बघतंय."

नऊ बश्या मांडून झाल्या. पुलावरची बाई मध्यभागी. जाड फळीवर उजवीकडे एका बशीपुरती जागा राहिली. ती तिने तशीच ठेवली.

दाऊदचा मचवा त्या आगोटीत आला नाही. झापांखाली सगळे मचवे झाकले गेले तरी वाळूवर एक जागा उघडी होती. पावसाळा गेला, नारळी पौर्णिमेला समुद्र पुन्हा उघडला, ती जागा तेवढीच राहिली. बंदरात खालाजवळ कुणी विषय काढत नसे. मी तर नाहीच नाही. मला एकच दिसत होतं. माझ्या एका शब्दावर ही बाई वाट बघत बसली आहे. खाचा असत्या, मिस्त्रीने मोजल्या असत्या, तर ती एकदा रडून मोकळी झाली असती. चार माणसं आली असती, गेलेल्याच्या नावाने फातिहा झाला असता. मी तिच्याकडून तेही रंध्याने काढून घेतलं आणि त्याच्या बदल्यात एक रिकामी जागा दिली. किती तरी वेळा खरं सांगायचं ठरवून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. दारात गेल्यावर तोंडातून निघायचं, "खाला, मीठ आहे का?" तिच्या घरचं मीठ माझ्या पडवीत साठत गेलं.

त्याच पावसाळ्यात एक दिवस तिने मला वाडगा भरून मलिदा आणून दिला. पोळ्या गुळात कुस्करून केलेला, तुपातला, वर वेलची.

"आज काय विशेष?"

"काय न्हाय. गूळ मऊ पडला होता. म्हनला, संपवावा."

मी संपवला. चाटूनपुसून. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच सुमाराला मलिदा, पुन्हा गूळ मऊ. मी चेष्टाही केली, "खाला, गूळवाला बदला." ती हसली. चार वर्षांनी माझी बदली नागावला झाली, तरी दर आगोटीला शेवटच्या पडावातून फडक्यात बांधलेला डबा यायचा. आत मलिदा. सोबत तोंडी निरोप: सहज केला होता. मी इकडे खात होतो आणि मनात म्हणत होतो, बिचारी अजून वाट बघते.

यंदा डबा आला नाही. कपाट आलं. सोबत खालाच्या भाचीने कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी. खाला हिवाळ्यात गेली. बश्या तिने भाच्यांना वाटल्या. कपाट मात्र मास्तरांना द्यायचं असं सांगून ठेवलं होतं, त्यांनी केलंय म्हणून. आणि शेवटी एक ओळ: "दाऊदभाईच्या फातिह्याचा मलिदा ती दरसाल तुम्हाला न चुकता पाठवायची, यंदा आम्हाला जमलं नाही, राग मानू नये."

ती ओळ मी तीनदा वाचली. ज्याची वाट बघायची त्याचा फातिहा कसा करतात?

मांजरांना हुसकून मी कपाटाची दारं उघडली. पाटीचा तुकडा जागेवर होता. जाड फळी वरून अजून मधासारखी. मी हात खाली घातला.

कड मी साफ केली होती. पण खाचांच्या शेपट्या काळ्या अंगावर उतरलेल्या, त्या तिथेच राहिल्या होत्या. डोळ्यांना डांबरात दिसल्या नसत्या. बोटांना लागत होत्या. एक, दोन, तीन. आजूबाजूचं लाकूड खरखरीत, कुसळं भरतील असं. खाचा मात्र गुळगुळीत. माझ्या रंध्याने, मुशीच्या कातड्याने जे कधी जमलं नाही ते तिथे कुणीतरी नुसत्या बोटांनी केलं होतं. मी नऊपर्यंत गेलो. पुढे लाकूड सपाट होतं.

म्हणजे मिस्त्रीचा हात तेलासाठी थांबला नव्हता. तो मोजत होता. आणि समोर ती उभी असताना त्याच्याने बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन ती मोजत होती. मोजून झाल्यावर तिने वळून मला फक्त एवढंच म्हटलं होतं, खालची बाजू तशीच ठेवलात. मी काय उत्तर दिलं ते आठवलं आणि मी तिथेच कपाटासमोर बसलो.

ती कधीच वाट बघत नव्हती. वाट बघते असं मला वाटत राहावं, एवढं मात्र तिने शेवटपर्यंत सांभाळलं. पोटचा मुलगा गेलेली बाई, तिने अकरा आगोटी एका अडाणी मास्तराला वाईट वाटू नये म्हणून गूळ मऊ पाडला. आणि मी दाऊदच्या नावाचा घास तोंडात घालून गूळवाल्यावर विनोद करत होतो.

काल मलिदा केला. मलिदा मला येत नाही. पोळ्या करपल्या, तूप कमी पडलं, वेलचीच्या जागी घाईत मिरी कुटली गेली. ओंजळभर कपाटात जाड फळीवर, तिने उजवीकडे राखलेल्या त्या जागेवर ठेवला, आणि काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून नवाचा पाढा म्हटला. मग उरलेला शेजारी वाटायला निघालो. शेजारच्या वहिनींनी वाटी हुंगून बघितली, माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, आज काय विशेष?"

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. "गूळ मऊ पडला होता."